फादरांचे हात

१२ जून

दादा,

बातमी आधी सांगते, खुशाली मागून. मार्केटसमोरच्या चौकात आमच्या फादरांचा पुतळा बसणार आहे. कांस्याचा, माणसाहून हातभर उंच. नगरपालिकेनं ठराव केला, समिती नेमली, आणि ते दाट भुवयांचे रिटायर्ड डॉक्टर अध्यक्ष झाले.

पुतळा घडवणाऱ्या मूर्तिकार बाई परवा वर्कशॉपमध्ये आल्या होत्या. तिशीच्या असतील, नखांत माती. मी गणवेशाचं कापड कापत होते, चाळीस पदर एकावर एक, त्यामुळे कटर थांबेपर्यंत बिचाऱ्या दारातच उभ्या. त्यांना फादरांचा एकच फोटो मिळालाय. खुर्चीत बसलेले, मांडीवर पुस्तक, चेहरा दाढ दुखत असल्यासारखा. त्यांनी वहीत लिहून विचारलं, 'ते खरोखर कसे होते?' मग काय, मी अकरा पानं भरली.

मी लिहिलं की आमच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत नियम होता, हात मांडीखाली दाबून बसायचं आणि मास्तरांच्या ओठांकडे बघायचं. हात वर आला की पट्टी. मी आठ वर्षांची असताना हे तरुण पाद्री गणित शिकवायला आले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी वर्गाचं दार लावलं, फळ्यावर लिहिलं, 'मधल्या सुट्टीत तुम्ही हातांनी जे बोलता ते मला शिकवा,' आणि स्वतः बाकावर येऊन बसले. अकरा महिने आम्ही त्यांना चोरून शिकवलं. विद्यार्थी म्हणून अगदी ढ. उद्या पाहुणे भेटायला येणार असं सांगायला गेले आणि उद्या आपण पाहुणे खाणार असं सांगून बसले. लांबूला (तो सुतार, आठवतो ना?) हसून हसून उचकी लागली. काही कळलं नाही की ते डावा तळहात पुढे धरायचे आणि उजव्या हाताची बोटं त्यावर वाकवून आपल्याकडे ओढायचे. 'पुन्हा सांग.' दिवसातून पन्नास वेळा. पुढे इन्स्पेक्टर आले. आम्ही हातांनी गणितं सोडवून दाखवली, कायमचे नापासही पास झाले, आणि पट्टी कपाटात गेली ती गेलीच.

उद्घाटन फेब्रुवारीत आहे. तू ये. आठ महिने आधी सांगतेय, म्हणजे रजा नाही ही सबब चालणार नाही.

ठमी

२८ जून

ठमे,

पत्र पोचलं. तुझी वहिनी म्हणते, हल्ली लोक मोबाइलवर दोन ओळी टाकून मोकळे होतात आणि तुम्ही भाऊबहीण अजून पाकिटं चिकटवत बसता. मी म्हटलं, चाळीसहून जास्त वर्षांची सवय आहे, आता सुटायची नाही.

पुतळ्याचं वाचून बरं वाटलं. फादर मोठा माणूस, यात वाद नाही. रजेचं मात्र काही सांगता येत नाही. डेपोत तीन ड्रायव्हर एकदम रिटायर झालेत आणि लांब पल्ल्याच्या गाड्या सगळ्या माझ्या गळ्यात आहेत. शिवाय गुडघा क्लच दाबताना कुरकुरतो. शिवाय तिथे येऊन मी करणार काय? तुम्ही सगळे हातांनी बोलणार आणि मी पाहुण्यासारखा कोपऱ्यात उभा. तुझ्यासमोर लपवून काय फायदा, मला त्या शाळेच्या माणसांत गेलं की आपणच बहिरे आहोत असं वाटतं.

पुतळ्याचा फोटो पाठव. बाकी सर्व ठीक.

दादा

४ ऑगस्ट

दादा,

तुझ्या पत्रात दोन 'शिवाय' आहेत. मोजून ठेवलेत.

पंधरा दिवसांपूर्वी समितीची बैठक झाली. आम्हा जुन्या विद्यार्थ्यांना बोलावलं आणि मागच्या रांगेत बसवलं. डॉक्टर खाली मान घालून बोलतात, त्यामुळे त्यांचे ओठ वाचणं म्हणजे बंद दारातून पाहुणे ओळखणं. नशीब, लांबूची मुलगी सोबत होती. ती दवाखान्यात नर्स आहे, तिला ऐकू येतं, आणि हातांनी ती आमच्यासारखीच फाडफाड बोलते. तिनं सगळं आम्हाला सांगितलं.

समितीला फादर हवे होते उभे, काखेत पुस्तक, एक हात आशीर्वादाला वर. मी उठले आणि म्हटलं, हा माणूस आयुष्यात असा उभा राहिला नाही. त्यांना बोलताना दाखवा, हातांनी. मुलीनं ते मोठ्यानं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "चौकात हातवारे करणारा पुतळा? लोक हसतील. फादरांचा मान राहिला पाहिजे." एक सदस्य म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण कशाला?" आणि सगळे हसले. लांबूच्या मुलीनं तेही भाषांतर करून सांगितलं. काहीही गाळायचं नाही, हा तिचा नियम आहे.

मी वर्गातल्या आठ वर्षांच्या पोरीसारखी हात मांडीखाली घालून बसले, दादा. चोपन्नाव्या वर्षी. माझ्याच लक्षात आलं तेव्हा हात बाहेर काढले.

बैठक संपल्यावर मूर्तिकार बाई मला आपल्या कामाच्या शेडमध्ये घेऊन गेल्या. मातीचे फादर तिथे मानेपर्यंत तयार होते. त्यांनी वहीत लिहिलं, 'ते रोज काय म्हणायचे ते दाखवा.' मी डावा तळहात पुढे धरला, उजव्या हाताची बोटं वर वाकवली. तासभर तशी उभी होते, खांदे भरून आले. आठवड्यानं समिती नमुना बघायला आली. डॉक्टरांनी लांबून पाहिलं, जवळून पाहिलं, आणि खूश झाले. "वा, देणारे हात. गरिबाच्या ओंजळीत काहीतरी टाकताहेत." सगळ्यांनी माना डोलावल्या. चौथऱ्यावरच्या पाटीसाठी मजकूरही तिथेच ठरला: 'दीनांचा दाता'.

त्यांना वाटतं फादर देताहेत. ते मागताहेत हे फक्त मला, मूर्तिकार बाईंना आणि आता तुला माहीत आहे. बाकीच्या विद्यार्थ्यांनाही मी सांगितलेलं नाही. सांगितलं तर लांबूच्या चेहऱ्यावरून गाव ओळखेल.

आता तरी ये.

ठमी

१९ जानेवारी

ठमे,

घाईत लिहितोय. रजा नामंजूर. उद्घाटनाच्या दिवशी माझीच गाडी आहे. रागावू नकोस. सगळं झोकात होऊ दे. वहिनीनं तुझ्यासाठी निळी शाल पाठवली आहे, ती घालून जा.

दादा

१० फेब्रुवारी

दादा,

शाल घातली होती. आता ऐक.

आम्ही त्रेसष्टजण आलो. सगळ्यात धाकटी चोवीस वर्षांची, सगळ्यात थोरला साठी ओलांडलेला, काठी टेकत. चौकाची डावी बाजू आमची. उजवीकडे गाव, पायऱ्यांवर मार्केटमधले लोक, गॅलऱ्यांतून बायका. मंचावर आमच्यापैकी कोणाला खुर्ची नव्हती. डॉक्टर कागद घेऊन बोलायला उभे राहिले. किती बोलले कोण जाणे, लांबूची मुलगी सांगून सांगून दमली. मग दोरी ओढली आणि कापड खाली आलं.

उन्हात फादर उभे, किंचित पुढे वाकलेले, भुवया वर, एखादं गणित अडल्यासारखे. डावा तळहात पुढे, उजवी बोटं त्यावर वाकलेली. मी लांबूकडे बघत होते. त्याचं तोंड उघडं पडलं. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं रडतोय, पण तो हसत होता. त्यानं दोन्ही हात वर केले आणि फादरांना सांगायला सुरुवात केली. काय, तर त्यानं स्वतः केलेल्या पहिल्या खुर्चीचा पाय तिरका होता, ती गोष्ट. फादरांनी पुन्हा सांग म्हटलंय ना, मग सांगायला नको?

आणि दादा, मग सगळे सुरू झाले. त्रेसष्ट माणसं एकदम. कोणी लग्न कसं जमलं ते सांगतंय, कोणी नोकरी, कोणी नातू. काठीवाले आजोबा काठी बगलेत मारून नवाचा पाढा म्हणत होते, जो त्यांना कधीच आला नाही, आणि अजूनही त्यांनी नऊ सक चुकवलं. चौकाची अर्धी बाजू हातांनी उसळत होती. उजवीकडचं गाव टाळ्या विसरून बघत राहिलं.

डॉक्टर उरलेलं भाषण सोडून खाली उतरले. माझ्यासमोर येऊन त्यांनी पॅड धरलं: 'हे काय चाललंय?' मी लिहिलं: 'फादर म्हणताहेत, मला कळलं नाही, पुन्हा सांग. आम्ही सांगतोय. हे देणारे हात नाहीत, डॉक्टर. शिकणारे आहेत.'

त्यांनी ते वाचलं. पुतळ्याकडे पाहिलं. पुन्हा वाचलं. मी म्हटलं, आता हा माणूस पॅड फाडतो. ते मंचावर गेले आणि माझी चिठ्ठी शब्दन् शब्द माइकवर वाचली. मग आपलं भाषण घडी करून खिशात घातलं, स्वतःची खुर्ची उचलून पुढे आणली, आणि मला हात करून बोलावलं.

मी बारा मिनिटं बोलले. लांबूची मुलगी शेजारी उभी राहून माझा आवाज झाली. बंद दार, पट्टी, पाहुणे खाण्याची गोष्ट, सगळं सांगितलं. पाहुण्यांच्या गोष्टीला गावात हशा पिकला आणि तो मला दिसला, दादा. चार-पाचशे तोंडं एकदम उघडलेली, मी केलेल्या विनोदाला. शेवटी आम्ही आमच्या पद्धतीनं टाळ्या दिल्या, हात वर करून बोटं हलवत. मार्केटच्या पायऱ्यांवर एक फळवाली होती, तिनं बघून तसेच हात वर केले. मग तिच्या शेजारच्यानं. मग सगळ्या पायऱ्यांनी. मग गॅलऱ्यांनी.

तू असायला हवा होतास. एवढंच म्हणते, जास्त नाही.

ठमी

९ मार्च

ठमे,

मी आलो होतो.

उद्घाटनाला नाही. परवा, सुट्टीच्या दिवशी. वहिनीला सांगितलं डेपोत काम आहे. दुसऱ्याच्या गाडीत प्रवासी म्हणून बसलो आणि अकरा वाजता तुमच्या चौकात उतरलो. रजा नामंजूर झाली नव्हती, ठमे. मी अर्जच केला नव्हता.

दोन माणसं चौथऱ्यावरची पाटी काढत होती. 'दीनांचा दाता' जमिनीवर उताणा पडला होता. नवीन पाटीवर लिहिलंय, 'ते आमच्याकडून शिकले.' मी पुतळ्यासमोर उभा राहिलो. तू लिहिलंस तसाच आहे, भुवया वर. मी आपला मनात म्हणतोय, अजून विचारतोच का हा माणूस? तेवढ्यात तुझी ती फळवाली म्हणाली, "दादा, ते म्हणताहेत पुन्हा सांग. हे बघा, असं." आणि तिनं करून दाखवलं. मी केलं तर म्हणाली, "असं नाही, बोटं आपल्याकडे ओढायची. नाहीतर वेगळाच अर्थ होतो." महिनाभरात शिकली ती. येणाऱ्या-जाणाऱ्या तुमच्या लोकांकडून. तिच्या घरात कोणी बहिरं नाही. माझ्या घरात होतं.

आता ऐक. तुला आठवतं, तू अकरा वर्षांची असताना एका रविवारी मी शाळेत आलो होतो? तुला वाटतं मी स्वेटर द्यायला आलो होतो. स्वेटर निमित्त होतं. फादरांनी घरच्या माणसांसाठी हातांच्या भाषेचा वर्ग सुरू केला होता. मी चौदा वर्षांचा, सगळ्या आयांच्या मध्ये बसलेला. त्यांनी मला उभं करून सांगितलं, तुझी बहीण कोण आहे ते दाखव. मी काहीतरी केलं आणि दारात जमलेली पोरं हसली. त्यात तू होतीस. मी स्वेटर बाकावर टाकला आणि पळालो. पुन्हा आलो नाही. मनात म्हटलं, या माणसानं आमची ठमी नेली आणि तिथल्या पोरांना दिली.

याहून वाईट पुढे आहे. आई गेली त्या दुपारी ती तुझ्याकडे बघून बोलत होती, पाऊण तास. तिचे ओठ तुला वाचता येईनात. तू मला विचारलंस काय म्हणते, आणि मी कागदावर लिहिलं, 'सुखी राहा म्हणते.' पाऊण तासाचं एवढंसं केलं मी. ती म्हणत होती की तो पाद्री आपल्या दारात तीनदा आला होता, दोन तास सायकल मारून. वर्गाला या, म्हणून. बाबा म्हणाले घरात माकडचेष्टा नकोत, आणि आई मूग गिळून बसली. ती मला म्हणत होती, "सांग तिला, मी जायला हवं होतं. शिकायला हवं होतं." आणखीही बरंच होतं. मी लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तू विचारलं असतंस, आणि तू रे?

एकोणीस वर्षं झाली.

तुझ्या वर्कशॉपच्या कोपऱ्यापर्यंत आलो होतो. काचेतून दिसलीस. हातात कात्री, आणि त्याच हातानं शेजारच्या मुलीला काहीतरी सांगून हसत होतीस. मी परतीची गाडी पकडली.

दादा

२ एप्रिल

दादा,

तीन आठवडे उत्तर दिलं नाही. आधी दोन पत्रं लिहिली आणि फाडली. तिसरं हे.

माझ्या दारावरून चहा न घेता गेलास, याचा राग सगळ्यात मोठा आहे. बाकीचे रांगेत उभे आहेत.

त्या रविवारी आम्ही का हसलो सांगते. तू 'बहीण' करायला गेलास आणि 'बकरी' केलंस. फादरसुद्धा हसले. मी सगळ्यांना ऐटीत सांगत होते, हा माझा भाऊ, माझ्यासाठी आलाय, बघा कसा चुकतोय. त्या वर्गात कोणाचा भाऊ आला असा तू एकटाच होतास. तू पळालास तेव्हा मला वाटलं तुझी गाडी सुटत असेल.

आईचं वाचलं. कात्री ठेवून वर्कशॉपमागे जाऊन बसले. फादर सोळा वर्षांपूर्वी गेले. त्या तीन फेऱ्यांबद्दल त्यांनी मला कधी एक शब्द सांगितला नाही. घरच्यांबद्दल माझं मन कडू होऊ नये म्हणून, दुसरं काय असणार.

आता बातमी. पालिकेनं चौकामागच्या वाचनालयाचा हॉल रविवारी सकाळी आम्हाला दिलाय. डॉक्टरांनी स्वतः अर्ज लिहिला. घरच्यांसाठी वर्ग, आणि शिकवणार मी. अठ्ठावीस नावं आली आहेत. फळवालीचं पहिलं. एकोणतिसावं मी घातलंय, तुला न विचारता.

आईचं उरलेलं बोलणं कागदावर लिहून पाठवू नकोस. मला ते कागदावर नको आहे. ये, शीक, आणि सांग. पाऊण तासाचं सगळं.

ठमी

१४ एप्रिल

ठमे,

रजेचा अर्ज केला. पुढचे सगळे रविवार. साहेबांनी विचारलं कारण काय, मी म्हटलं शाळा. ते म्हणाले, या वयात? मी म्हटलं, उशीर झाला म्हणूनच.

सकाळच्या पहिल्या गाडीनं येतो. चहा टाकून ठेव.

दादा

२४ ऑगस्ट

दादा,

तू काल गाडीत बसलास आणि मी आज उठल्या उठल्या लिहायला घेतलं. हे रविवारपर्यंत थांबलं असतं, पण मला थांबवेना.

अठरा रविवार झाले. वर्गात तू सगळ्यात मठ्ठ आहेस हे मी शिक्षिका म्हणून लेखी कळवते. ड्रायव्हरची बोटं, स्टिअरिंग धरल्यासारखी वळलेली. डॉक्टर तुझ्यापेक्षा बरे, आणि ते अजून खाली मान घालतात. पण काल वर्ग सुटल्यावर तू मला बाहेर ओढून नेलंस, चौथऱ्याच्या कठड्यावर बसवलंस आणि म्हणालास, हातांनी, 'आता आई.'

एक तास वीस मिनिटं लागली. लांबू आला, बघून लांबच उभा राहिला. फळवालीनं दोन गिऱ्हाइकं तशीच ताटकळत ठेवली. तू आईच्या चपात्या जाळल्यास, बाबांना घोड्यावर बसवलंस, आणि फादर सायकलऐवजी होडीतून आले. मी तुला कितीदा अडवलं, तू कितीदा पहिल्यापासून सुरू केलंस. घामानं शर्ट भिजला तुझा.

आणि मग ते सांगितलंस. सुट्टीत मी घरी यायचे, दुपारी चटईवर झोपायचे, आणि झोपेत माझे हात हलायचे. आई काम टाकून शेजारी बसायची. ती म्हणाली होती, 'काय बोलतेय ते मला कळायचं नाही. पण पोर कोणाशी तरी बोलतेय, हसतेय, एवढं कळायचं. मी तिचे हात कधी धरले नाहीत. बोलू दिलं.'

यात तू एकही चूक केली नाहीस, दादा. मी बघत होते. एकही नाही.

मी काल तिथे काही बोलले नाही, कारण हात डोळे पुसण्यात गुंतले होते. आता सांगते. मला वाटायचं घरात मी कोणालाच दिसले नाही. मी दिसत होते. आई शेजारी बसलेली होती.

तुझी बकरी

ठमी